जादा तर्रीचे पाच रुपये

खो-खोच्या संघात बारा मुली असतात. नऊ मैदानात उतरतात, तीन राखीव म्हणून बाहेर बसतात. माझी मुलगी गेली तीन वर्षे त्या बाहेर बसणाऱ्या तिघींपैकी एक आहे. तिच्या मॅडमनी, म्हणजे एका शाळेत खेळाच्या शिक्षिका असलेल्या आणि संध्याकाळी मैदानावर फुकट शिकवणाऱ्या बाईंनी, गेल्या हिवाळ्यातल्या स्पर्धेसाठी यादी लावली तेव्हा तिचे नाव बाराव्या क्रमांकावर होते. घरी येऊन तिने ही बातमी पहिला नंबर आल्यासारखी सांगितली.

स्पर्धा मिरजेजवळच्या एका गावात होती. राज्यभरातले मैदानी संघ येणार होते. आमचा नागपूरचा संघ कुठल्या शाळेचा किंवा कॉलेजचा नाही, मैदानाचा आहे. त्यामुळे पैसे कुणी देणार नव्हते. पालकांची सभा झाली आणि मी ऑफिसात हिशेबाचे काम करतो हे कळल्यावर खजिनदार कोण यावर चर्चा झाली नाही.

मी त्याच संध्याकाळी आकडे मांडले. बारा मुली, मॅडम आणि सोबतीला एक आई, असे चौदा जण. रेल्वेचे जाऊन-येऊन अठ्ठावीस तिकिटांचे १७,०८० रुपये. बारा जणींचे कपडे ७,६८०. पाच दिवसांचे खाणे ११,२००. प्रवेश शुल्क १,५००. स्टेशनापासूनची बस आणि मलमपट्टीचे सामान १,९००. एकूण ३९,३६०. एका वडिलांनी सुचवले की चाळीस हजार धरा, सोपे जाईल. मी म्हटले, ६४० रुपये कशाचे आहेत ते सांगा, धरतो. त्यांनी पुन्हा काही सुचवले नाही.

त्या सभेत मी एक नियम मांडला आणि तो सगळ्यांनी मान्य केला. प्रत्येक घराने पाचशे रुपये द्यायचे, त्याहून जास्त कुणी द्यायचे नाही. बाकीचे सगळे मिळून कमवायचे. हा नियम मांडण्याचे कारण माझ्या समोरच बसले होते. अकराव्या क्रमांकाच्या मुलीची आई एका वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करते, वडील ई-रिक्षा चालवतात. कुणीतरी म्हणाले होते की ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या मुलीचे भरावे, आणि ती बाई पदराशी चाळा करत खाली बघायला लागली होती. माझा नियम ऐकून तिने मान वर केली. मला तेव्हा स्वतःचे फार कौतुक वाटले. या नियमाचा हिशेब पुढे माझ्याच घरी येणार आहे हे मला दिसले नव्हते.

सुरुवात चांगली झाली. दिवाळीची साफसफाई चालू होती. मुली सायकलींवर पोती टाकून घरोघरी गेल्या आणि ६१२ किलो रद्दी गोळा केली. चौदा रुपये किलोने ८,५६८ रुपये आले. एका गठ्ठ्यात कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम निघाला. मी तो परत नेऊन दिला, तर त्या घरातल्या बाई म्हणाल्या की तो मुद्दामच टाकला होता. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरबाईंनी पाच हजार दिले; त्या लहानपणी याच मैदानावर खेळत असत. लॉटरीची कुपने विकण्याची सूचना मी फेटाळली, कारण परवानगी लागते. सिग्नलवर डबे घेऊन उभे राहण्याची सूचना मुलींनी फेटाळली.

मग टाइल्स आणि नळांचे सामान विकणारे एक दुकानदार पुढे आले. सगळे कपडे मी देतो म्हणाले, फक्त पाठीवर दुकानाचे नाव आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘संडास-बाथरूमचे सर्व साहित्य मिळेल’ एवढे छापायचे. ७,६८० रुपये एका फटक्यात मिटत होते, त्यामुळे मला त्यात काही गैर दिसले नाही. पण कर्णधार मुलीने शांतपणे समजावले.

“काका, खो-खोत आठ जणी ओळीत बसतात. चार पाठी या बाजूला, चार त्या बाजूला. दोन्हीकडच्या लोकांनी पूर्ण मॅच संडास वाचत बसायचं काय?”

दुकानदार हसले आणि बाहीवर फक्त नाव चालेल म्हणाले, पण रक्कमही बाहीएवढीच झाली, तीन हजार. पालकांचे सहा हजार धरून २२,५६८ जमले. १६,७९२ उरले आणि हाताशी तीन रविवार होते.

तर्री-पोह्यांची कल्पना सगळ्यांना एकाच वेळी सुचली असावी, कारण ती कुणाची यावर अजून वाद आहे. थंडीचे दिवस, सकाळी मैदानावर चालायला येणारी गर्दी, आणि गरम पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री. नागपुरात यापेक्षा खात्रीचा धंदा नाही. मी घरी वजनकाटा आणि मापाचे भांडे घेऊन बसलो. पोहे, तेल, कांदा मिळून ७ रुपये २०. तर्री एक पळी, ३ रुपये ४०. वरचा कांदा, शेव, लिंबू १ रुपया ६०. प्लेट आणि चमचा १ रुपया २०. प्लेटमागे खर्च १३ रुपये ४०, विक्री तीस, नफा १६ रुपये ६०. दर रविवारी ३३८ प्लेटा गेल्या की काम झाले. मी ३४० धरल्या. दोन प्लेटा सांडतील म्हणून.

बायको तो कागद बघत होती. तिने विचारले, एका प्लेटला एकच पळी? मी म्हटले, मोजून बघितली आहे, पोहे व्यवस्थित भिजतात. तिला पुढे काहीतरी बोलायचे होते, पण कुकरची शिट्टी झाली.

पहिल्या रविवारी साडेसहाला टेबल लागले. माझी मुलगी पैशांच्या डब्यावर बसली, कारण खेळाखेरीज तिला आकडे आवडतात. मी पळीवर. पहिले गिऱ्हाईक आले, प्लेट घेतली, दोन घास खाल्ले आणि प्लेट पुढे केली. “तर्री मारा.” मी मारली. दुसऱ्यानेही पुढे केली. तिसऱ्याने दोनदा. चौथ्याने तर प्लेट घेऊन माझ्यासमोरच उभे राहून खाल्ले, म्हणजे जायला-यायला नको.

इथे मला कबूल केले पाहिजे की मी याच शहरात जन्मलो, त्या मैदानापासून दोन किलोमीटरवर. गेली तीस-पस्तीस वर्षे मी स्वतः ठेल्यावर दोनदा तर्री मागून घेतो आणि दुसऱ्यांदा थोडी कमी पडली तर ठेलेवाल्याकडे बघत राहतो. पोह्यांचे पैसे असतात, तर्रीचे नसतात. ती मागेल तितकी मिळते, हे मला कुणी शिकवलेले नाही, तसे ते कुणालाच शिकवावे लागत नाही. पण हिशेब करताना मी गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःला धरलेच नव्हते. तिथे एक काल्पनिक माणूस धरला होता, जो एका पळीत तृप्त होऊन निघून जातो.

साधारण एकशेविसाव्या प्लेटला मी तर्रीच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, डोकावलो तर तळ दिसत होता. तेव्हा मी जे केले ते घाईत केले, पण सरळ मनाने केले. पोह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मार्करने ‘जादा तर्री ५ रु.’ असे लिहिले आणि टेबलाला टेकवून ठेवला.

त्या वेळी समोर एक काका प्लेट घेऊन उभे होते. सावनेरकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले, रोज सकाळी मफलर गुंडाळून मैदानाला सहा फेऱ्या मारणारे. त्यांनी पाटी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मग खिशातून पाचाचे नाणे काढून माझ्या मुलीच्या डब्यात टाकले, तर्री घेतली आणि मला विचारले,

“कोण्या गावचे गा तुम्ही?”

मी म्हटले, इथलाच.

“वाटत नाही,” ते म्हणाले आणि प्लेट तशीच टेबलावर ठेवून निघून गेले. तर्रीला हातही लावला नाही.

मागची रांग पाचच मिनिटांत पातळ झाली. कुणी भांडले नाही. लोक पाटी वाचत, एकमेकांकडे बघत आणि जणू आज पोट बरे नाही अशा चेहऱ्याने पुढे जात. साडेआठला तर्री संपली आणि नुसते पोहे कुणी विकत घेईना. १४१ प्लेटा गेल्या, १९९ प्लेटांचे पोहे उरले. जादा तर्रीचे सात जणांनी पैसे दिले होते, त्याचे पस्तीस रुपये. जमा ४,२६५, खर्च ४,५५६. पहाटे चारपासून बारा मुली आणि सहा आया राबल्या आणि २९१ रुपये तोटा झाला. त्या दिवशी बाराही घरांनी दोन्ही वेळा पोहे खाल्ले.

संध्याकाळी मॅडम भेटल्या. त्या फार बोलणाऱ्या नाहीत. तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी तिकिटे काढायची आणि नावे कळवायची आहेत, एवढे म्हणाल्या. “जितके पैसे, तितक्या मुली. यादीतल्या क्रमाने. कोणाची आई येऊन रडली तरी मी बदलणार नाही, आधीच सांगून ठेवते.”

एका मुलीचा खर्च मला तोंडपाठ होता. तिकिटे १,२२०, खाणे ८००, कपडे ६४०, एकूण २,६६०. पैसे कमी पडले तर पहिली गळणार ती बारावी.

घरी बायकोने सरळ विचारले. “अहो, आपल्याकडे सव्वीसशे साठ रुपये नाहीत काय?”

मी म्हटले, आहेत. पण नियम मी केला आहे. मी भरले तर आपली जाईल, आणि अकरावी मागे राहील. दोघींचे भरले तर त्या बाईच्या हातावर सगळ्यांसमोर पैसे ठेवल्यासारखे होईल. ती मुलीलाच पाठवणार नाही. आणि मग तिसरे कुणी म्हणेल, मीही माझ्या मुलीला आणखी दोन जोडी कपडे घेतो. बायकोला पटले होते आणि त्याचाच तिला राग आला होता. मुलगी आत दोरीच्या उड्या मारत होती. आमचे बोलणे तिला ऐकू जात होते हे उड्यांच्या आवाजावरून कळत होते. आम्ही थांबलो की तीही थांबत होती.

त्या रात्री मला तोट्यापेक्षा ते पस्तीस रुपये जास्त टोचत होते. २९१ रुपये चुकीच्या अंदाजाने गेले, ते समजण्यासारखे आहे. पण पस्तीस रुपये आम्ही ज्या गोष्टीचे या गावात पैसे घेत नाहीत तिचे घेतले होते. काकांनी तर ती खाल्लीही नव्हती. सकाळी मी जाहीर केले की सातही जणांना पाच-पाच रुपये परत करायचे. फक्त ते फंडातून करायचे की खिशातून, हा प्रश्न होता. खिशातून केले तर माझे देणे ५३५ होते, आणि नियम पाचशेचा.

“हे दान नाही,” बायको म्हणाली, “दंड आहे. खिशातून द्या.”

तिघांनी फोनवरून पैसे भरले होते, त्यांची नावे फोनमध्येच होती. बाकी चौघांनी नाणी टाकली होती. ते कोण हे डब्यावर बसलेल्या मुलीलाच ठाऊक. काका एक, हिरव्या स्वेटरच्या बाई दोन, कुत्रा घेऊन येणारे गृहस्थ तीन. चौथा, म्हणजे एकूण सातवा कोण, हे मात्र तिला आठवेना. मला आश्चर्य वाटले. हीच मुलगी दोन वर्षांपूर्वीच्या सामन्यात तिसऱ्या डावात कोण कितव्या मिनिटाला बाद झाली ते सांगते. मी रोज विचारी, आठवला का सातवा? ती म्हणे, “नाही ना बाबा. गर्दी होती.” पाटी लावल्यावर गर्दी कुठे होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी मैदानावर जाऊन पाच रुपये परत करत होतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. कुत्रावाल्या गृहस्थांना वाटले मी काहीतरी विकायला आलो आहे. ते मला बघून वेग वाढवत, आणि मी त्यांच्यामागे दीड फेरी पळालो. हिरव्या स्वेटरच्या बाईंनी नाणे घेतले, दोन्ही बाजूंनी पाहिले आणि हे मैत्रिणींना सांगू का असे विचारले. फोनवाल्या तिघांना फोनवरच परत केले, तर एकाने लगेच मला उलट पाच रुपये पाठवले, मी पुन्हा पाठवले, त्याने पुन्हा पाठवले. शेवटी मी त्याला फोन करून थांबण्याची विनंती केली.

काका बाकावर मफलर सोडत बसले होते. मी चूक झाली म्हणालो आणि नाणे पुढे केले. त्यांनी ते घेतले, बाकावर शेजारी ठेवले आणि हा पैसा कशासाठी जमवता ते विचारले. मी सगळे सांगितले, यादीसकट. बारावी कोण तेही तोंडातून निघून गेले.

“मंग पाटी काहून लावली?” ते म्हणाले. “सांगाचं ना, पोरींसाठी आहे म्हणून.”

मी म्हटले, ते तर टेबलावरच्या फलकावर लिहिलेलेच होते. ते म्हणाले, “लोक फलक वाचत नाही गा. पाटी वाचतात.”

इकडे अकराव्या मुलीच्या आईने स्वयंपाकाचा ताबा घेतला होता. तिने माझा कागद मागून घेतला, बराच वेळ पाहिला आणि घडी करून मला परत दिला. “भाऊ, तर्री मोजून नाही देत जी.” मी म्हटले, मग एका प्लेटला तीन पळ्या धरल्या तर १० रुपये २० पैसे नुसते तर्रीचेच होतात, नफा दहाच्या खाली येतो. ती हसली. मेसमध्ये ती रोज दीडशे पोरांना वाढते. चने पहिल्या पळीतच द्यायचे, ती म्हणाली, नंतर मागतील त्याला वरचा रस्सा. लोकांना झणका पाहिजे असतो, चने कोणी मोजत नाही. मी रस्सा वेगळा काढून हिशेब केला. पळीला नव्वद पैसे. प्लेटचा नफा १४ रुपये ८०. सोळा-साठवरून एवढीच घसरण, आणि तर्री मागेल तितकी. एवढे शहाणपण माझ्या मापाच्या भांड्यात नव्हते.

दुसऱ्या रविवारी मला पळीवरून काढून कांदा चिरायला बसवले. पाटी अर्थातच नव्हती. पण पाच रुपयांची गोष्ट मैदानभर झाली होती. हिरव्या स्वेटरच्या बाईंनी मैत्रिणींना सांगितले होते, आणि मैत्रिणी पुष्कळ होत्या. लोक येत आणि विचारत, ते पाच रुपये परत देणारे कोण. मग कुणीतरी कांद्याच्या ढिगामागे बोट दाखवी. माझे डोळे कांद्यामुळे भरलेले असत, त्यामुळे लोकांचा माझ्याबद्दल विनाकारण फार चांगला समज होई. ४९८ प्लेटा गेल्या. नफा ७,३८०. तोटा धरून आता ९,७०३ उरले.

मी पुन्हा कागद काढला. तिसऱ्या रविवारी ६५६ प्लेटा लागणार होत्या. पण मेसमधून मिळणाऱ्या दोन कढयांत पाचशेच्या वर पोहे होत नव्हते. तिसरी कढई भाड्याने मिळते का हे मी तीन मंडपवाल्यांकडे विचारून आलो. लग्नांचे दिवस, सगळ्या गेलेल्या. याचा अर्थ काय होतो हे मला शनिवारी दुपारीच कळले होते. पाचशे प्लेटा पूर्ण विकल्या तरी सुमारे तेवीसशे कमी पडणार. म्हणजे एक मुलगी. अकरावी जाईल, बारावी राहील.

मी ते घरात बोललो नाही. पण माझी वही टेबलावर होती, आणि सांगितलेच आहे, मुलीला आकडे आवडतात. रात्री जेवताना ती म्हणाली की राखीव मुलीला तसेही खेळायला मिळतेच असे नाही. मग तिने भात मागून घेतला आणि खाल्ला नाही.

तिसऱ्या रविवारी साडेनवालाच कढया रिकाम्या झाल्या. पाचशे प्लेटा. ७,४१० नफा. मी वहीत वजाबाकी केली: २,२९३ कमी. डब्यावर बसलेल्या मुलीने तीच वजाबाकी तिच्या कागदावर आधीच केलेली मला दिसली. तिने कागदाची घडी करून डब्याखाली ठेवली. समोर अजून शंभर-सव्वाशे माणसे उभी होती, आणि बायको हात जोडून पोहे संपले म्हणून सांगत होती.

रांगेत काका होते, त्यांच्याबरोबर फेऱ्या मारणारे आठ-दहा जणही. त्यांनी विचारले, “तर्री आहे?”

तर्री होती. अकराव्या मुलीच्या आईने कमी पडायला नको म्हणून इतकी केली होती की अर्धा गंज भरलेला होता.

“मंग वाढा. ब्रेड मी आणतो.”

ते रस्ता ओलांडून बेकरीत गेले आणि दोन्ही हातांत ब्रेडचे पुडे घेऊन आले. टेबलावर ठेवले आणि मला म्हणाले, “सांगा, काय लावता तर्रीचे?”

मला वाटते ते गमतीनेच विचारत होते, पण पूर्ण गमतीनेही नाही. वाटीला वीस रुपये म्हटले असते तर सव्वाशे वाट्यांत काम होत होते. हा हिशेब मी विचार न करता केला, आपोआप झाला. बायको माझ्याकडे बघत होती. मुलगी बघत नव्हती.

“तर्रीचे पैसे नसतात,” मी म्हटले.

“आता बोलले नागपूरचे,” काका म्हणाले. त्यांनी द्रोण पुढे केला, आणि तर्री पडल्यावर माझ्या मुलीसमोर जाऊन डब्यात शंभराची नोट टाकली. ती म्हणाली, काका, फुकट आहे. ते म्हणाले, मी तर्रीचे देऊन नाही राहिलो वं पोरी, ब्रेड वाहून आणल्याची मजुरी दिली स्वतःले.

ते काय बोलले हे कुणाला नीट कळले नाही, पण मागच्या माणसानेही डब्यात काहीतरी टाकले. मग पुढे तसेच होत गेले. कुणी दहा, कुणी पन्नास. काहींनी काहीच टाकले नाही आणि तीनदा तर्री घेतली. त्यांनाही तितकीच मिळाली. मी डब्याजवळ उभा राहिलो, कारण आमच्यापैकी कुणी पालकाने पैसे टाकू नयेत यावर लक्ष ठेवणे भाग होते. कर्णधार मुलीच्या वडिलांना मी दोनदा परत फिरवले. अकरा वाजता गंज पुसून काढण्याइतका रिकामा झाला. डबा मुलीने मोजला, मग मी मोजला, मग परत तिने. २,६४० रुपये. गरज वजा करून ३४७ जास्त. त्याची प्रवासासाठी चिक्की घेतली, आणि पावती आहे.

सोमवारी मॅडमनी बारा नावे कळवली आणि चौदा जणांची जाऊन-येऊन तिकिटे काढली.

स्टेशनवर सगळे पालक आले होते. बाहीवर दुकानाचे नाव असलेल्या बारा जर्सी एका डब्यात कोंबून बसल्या होत्या. बायको खिडकीतून सूचना देत होती. मी हिशेबाची वही घेऊन गेलो होतो, कारण खाण्याचे पैसे मॅडमच्या हातात देऊन सही घ्यायची होती. सही झाली. वहीत एकच ओळ मोकळी होती: सातवा माणूस, पाच रुपये, देणे बाकी. मी मुलीला शेवटचे विचारले, आता तरी आठवतो का.

ती खिडकीच्या गजाला धरून पुढे वाकली.

“सातवी मीच होते, बाबा. भूक लागली होती. प्लेटचे तीस टाकले, मग तर्री पाहिजे होती, तुमची पाठ होती तेव्हा मीच वाढून घेतली. तुम्ही पाटी लावली होती ना.”

मी म्हटले, मग इतके दिवस सांगितले का नाही. ती म्हणाली, तुम्ही शोधत होते म्हणून लोक पोहे खायला येऊन राहिले होते.

मी खिशातून पाचाचे नाणे काढून खिडकीतून दिले. तिने ते घेतले आणि बोट वहीकडे केले. मी त्या ओळीपुढे खूण केली. गाडी हलली तेव्हा मी सवयीने खिडक्यांतली डोकी मोजली. बारा होती.